विडीच्या लेबलावरचा राजा

शहागंजातील एका रद्दीवाल्याकडे मला विडीच्या बंडलांची काही जुनी लेबले मिळाली. लंबगोल चौकटीत कुठे फेटा बांधलेला मालक, कुठे देव, कुठे राजा. दोन्ही बाजूंना मोर, हत्ती, सिंह. लहानपणी अशीच लेबले रस्त्यावरून वेचून मी वहीत चिकटवीत असे. तेव्हा ती मला नुसती सुंदर वाटत. आज तसे पाहता येत नाही, कारण माझी आई विड्या वळत होती.

आपली समीक्षा कविता-कादंबरीपाशी थांबते. पण ज्यांना अक्षर नाकारले गेले, त्यांच्या हाती आलेल्या छापील कागदांत हे लेबलही होते. वाचता न येणारे गिऱ्हाईक चित्रावरून विडी ओळखे. निरक्षरांच्या या पुस्तकाने शिकवले काय? चौकटीत बसण्याचा मान देवाचा, राजाचा आणि मालकाचा.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेतील रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीने १८८८ च्या सुमारास सिगारेटच्या पाकिटांतून आदिवासी प्रमुखांची पन्नास रंगीत चित्रे वाटली. सिगारेटी चेपू नयेत म्हणून घातलेला पुठ्ठा हौशी लोकांच्या संग्रहाची वस्तू झाला. त्यात अपाची जमातीचा जेरोनिमोही आहे, नामांकित प्रमुख म्हणून. प्रत्यक्षात १८८६ साली शरण आलेला जेरोनिमो तेव्हा सरकारच्या कैदेत होता, आणि १९०९ मध्ये वारला तोही कैदी म्हणूनच. ज्याची भूमी हिरावली त्याच्याच शौर्याचे कौतुक करायचे, ही त्या प्रतीकाची भाषा आहे. चित्रातला वीर आपली जमीन परत मागत नाही.

तिथे लुटला गेलेला माणूस निदान चित्रात तरी होता. आमच्या लेबलात तोही नाही. आई रात्री मांडीवर सूप घेऊन बसे. भिजवलेले पान कापायचे, जर्दा भरायचा, वळायचे, दोरा बांधायचा. सकाळी कारखान्यात छाट निघे. टाकलेल्या विड्यांची मजुरी नाही. लेबल लागे ते त्यानंतर, तिच्या हातून विडी गेल्यावर. स्वतःच्या श्रमावर कोणाचा चेहरा चिकटतो, हे तिने कधी पाहिले नाही.

२०२० साली संभाजी महाराजांच्या नावाच्या विडीवरून महाराष्ट्रात आंदोलन पेटले आणि पुढे कंपनीने ते नाव बदलले. नावाच्या सन्मानाची मागणी आपल्याला परकी नाही. याच शहरातील विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ ते १९९४ एवढा काळ आपण झुंजलो. नावाची किंमत आपण जाणतो. परंतु विडीच्या वादात वळणाऱ्या बायांची आठवण झाली ती रोजगार बुडेल या धास्तीपुरती. लेबल नवे छापले गेले. सूप तेच राहिले.

नाव आणि सूप यांना एकत्र आणणारा माणूस आपल्या परंपरेत होऊन गेला. 'जयभीम' हे अभिवादन रूढ करणारे कामठीचे बाबू हरदास विडी कामगारांचे संघटक होते. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले. १२ जानेवारी १९३९ रोजी, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचा अंत झाला. जयभीम म्हणताना त्यामागचा विडी कामगार आपल्याला आठवतो काय?

२००९ पासून तंबाखूच्या पाकिटांवर धोक्याची चित्रे आली. त्यांत ओढणाऱ्याचे रोगी शरीर दिसते. तंबाखूची धूळ छातीत घेणारी बाई याही चित्रात नाही. मालकाने तिला वगळले, तसेच तिच्या आरोग्याची काळजी वाहणाऱ्या राज्यसंस्थेनेही.

म्हणून लेबलाचे सौंदर्य नाकारा असे मी म्हणत नाही. विद्यार्थ्यांनी ही लेबले जरूर जमवावीत, शिक्षकांनी वर्गात ती वाचून दाखवावीत. मात्र प्रत्येक लेबलाशेजारी विडी वळणाऱ्या एका बाईची हकीकत, तिच्याच शब्दांत, लिहून ठेवावी. माझ्या वहीत ती जागा कोरी राहिली. आई गेली, आणि मी तिला कधी विचारलेच नाही.