दुष्काळ, ‘बरे’ आणि आस : तुकारामांच्या अभंगांचे एक पुनर्वाचन

संतसाहित्याच्या अभ्यासात ‘आशावाद’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. संत तुकारामांच्या बाबतीत तर तो जवळजवळ ठरूनच गेला आहे. दुष्काळ पडला, पत्नी गेली, व्यापार बुडाला, तरी विठ्ठलावरील श्रद्धेमुळे त्यांनी आशा सोडली नाही, अशा आशयाचे वाक्य विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत हमखास आढळते आणि प्राध्यापकांच्या व्याख्यानांतही ते अपरिचित नाही. या वाक्यातील तपशील बरोबर आहेत. त्यातील ‘आशा’ हा शब्द मात्र तुकारामांच्या शब्दसृष्टीत बसत नाही. तो तेथे का बसत नाही आणि त्याच्या जागी तुकारामांकडे काय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

भारतीय आध्यात्मिक परंपरेने आशेकडे प्रायः संशयानेच पाहिले आहे. गीतेच्या १६व्या अध्यायात आसुरी संपत्तीचे वर्णन करताना आशेला पाशाची उपमा दिली आहे. भर्तृहरीच्या ‘वैराग्यशतका’त ती मनोरथांच्या पाण्याने भरलेली दुस्तर नदी होते. तुकारामही याच परंपरेतले. द्रव्याच्या अपेक्षेने कथा सांगणाऱ्या वक्त्याला ते ‘आशाबद्ध’ म्हणतात, आणि तो शब्द तेथे दूषण म्हणूनच येतो. याउलट ख्रिस्ती धर्मविचारात विश्वास, आशा आणि प्रीती हे त्रिक सद्गुणांचे आहे व मराठी बायबलात त्यातील मधल्या पदासाठी ‘आशा’ हाच शब्द योजलेला आहे. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे मानणाऱ्या रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या पिढीपासून हे दोन प्रवाह मराठीत एकमेकांत मिसळले. मिसळण्याला आक्षेप असण्याचे कारण नाही. मात्र एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील अर्थ सतराव्या शतकातील अभंगावर लादला, की वाचन बिघडते.

तुकारामांकडे ‘आशे’च्या जवळचा दुसरा एक शब्द आहे : ‘आस’. दोन्ही शब्दांचे मूळ एकच, आणि गाथेत त्यांची सरमिसळही आढळते. तरी भक्तीच्या ऐन उत्कट जागी ‘आस’ येते हे लक्षणीय आहे. भेटीची तळमळ व्यक्त करणाऱ्या त्यांच्या सुप्रसिद्ध अभंगात तीन प्रतिमा आहेत. चकोर चंद्राकडे डोळे लावून आहे, सासरी असलेली लेक दिवाळीसाठी माहेरच्या मुळाची वाट पाहते आहे आणि भुकेले मूल आईसाठी आकांत करते आहे. यांतील लेकीची प्रतिमा विशेष विचार करण्याजोगी आहे. सासरचे दिवस सुधारतील अशी तिची अपेक्षा नाही. माहेरचे कोणीतरी न्यायला येईल, एवढेच तिला ठाऊक आहे. आशेचा विषय परिस्थिती असते, आसेचा विषय व्यक्ती असते. त्यामुळे परिस्थिती पालटली नाही तरी आस खोटी ठरत नाही. ती ठरेल, तर केवळ न येणाऱ्यामुळे.

ही आस ज्या काळात बोलली गेली तो काळ नीट डोळ्यांसमोर आणला पाहिजे. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खन आणि गुजरात भीषण दुष्काळाने होरपळले. त्याच वेळी निजामशाहीविरुद्ध शाहजहानच्या फौजा दख्खनमध्ये वावरत होत्या. बादशहाचा मुक्काम बुऱ्हाणपुरास होता. म्हणजे आभाळ आणि राज्यकर्ते दोघेही एकदम फिरले होते. ‘अस्मानी-सुलतानी’ या जोडशब्दाचा अर्थ समजावून सांगण्यासाठी याहून नेमके उदाहरण शोधावे लागणार नाही. सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याकडे गेलेला इंग्रज प्रवासी पीटर मंडी याने वाटेवरील प्रेतांचे वर्णन केले आहे, आणि खुद्द दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी यालाही भाकरीसाठी स्वतःला विकू पाहणाऱ्या माणसांची नोंद करावी लागली. देहूच्या वाण्याच्या घरातील पहिली पत्नी रखमाबाई ही या असंख्य मृतांपैकी एक होती.

या मृत्यूविषयी तुकाराम स्वतः बोलतात ते दोन अभंग सर्वपरिचित आहेत. एक संतांच्या आग्रहावरून सांगितलेले आत्मवृत्त. दुसरा, दिवाळे निघाले हे बरे झाले, असे देवाला सांगणारा. दुसऱ्या अभंगाने अभ्यासकांची मोठी अडचण केली आहे. पत्नी-पुत्र गमावलेला माणूस ‘बरे झाले’ असे कसे म्हणू शकतो? यावर दोन उत्तरे रूढ आहेत. श्रद्धाळू वाचकाच्या मते देवाने भक्ताची परीक्षा पाहिली आणि भक्ताने ती कृतज्ञतेने स्वीकारली. राजवाड्यांच्या वळणाने विचार करणारा म्हणेल की, हीच ती निष्क्रियता, जिने समाजाला पंगू केले. दोघांनीही अभंगाची वाक्यरचना पाहिलेली दिसत नाही. तेथे पीडा देणारा कर्ता दुष्काळ आहे. देव संबोधनात आहे. आत्मवृत्तातही द्रव्य आटवणारा आणि मान नेणारा दुष्काळच आहे. या दोन्ही ठिकाणी तुकाराम देवावर दुष्काळाचे कर्तृत्व टाकत नाहीत. ते देवाला घडलेली हकीकत सांगतात. ‘बरे’ हा निवाडा दुष्काळाविषयी नाही. सगळे हिरावले गेल्यानंतर जे उरले त्याविषयी तो आहे. दुष्काळाचे समर्थन आणि दुष्काळानंतर उभे राहणे या दोन गोष्टींतील अंतर व्याकरणाने राखले आहे. दुष्काळी तालुक्यातल्या महाविद्यालयात हा अभंग शिकवताना ते अंतर स्पष्ट न केल्यास, समोर बसलेल्या विद्यार्थ्याला आपण नकळत सांगतो की तुझ्या घरावर जे आले ते भल्यासाठीच आले. तसे सांगण्याचा अधिकार कोणत्याही अध्यापकाला नाही, आणि तुकारामांनीही तो घेतलेला नाही.

गुरुदेव रा. द. रानडे यांनी १९३३च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तुकारामांच्या वाटचालीची मांडणी केली, ती पाश्चात्त्य गूढवाद्यांच्या ‘आत्म्याच्या काळरात्री’च्या संकल्पनेच्या आधारे. आधी व्यथा, मग अंधार आणि अखेरीस साक्षात्काराचा प्रकाश. ही मांडणी भव्य आहे, यात शंका नाही. पण तिला गाथेचा आधार किती? सरकारी साहाय्याने शंकर पांडुरंग पंडितांनी सिद्ध केलेल्या आवृत्तीपासून आजवर आपण जी गाथा वाचतो, तीतील साडेचार हजारांहून अधिक अभंगांपैकी बहुतेकांना कालनिर्देश नाही. निराशेचा अभंग आधीचा आणि प्रसन्नतेचा नंतरचा, हे कशावरून? आपल्या लेखी देव मेला, असे सांगणारा अभंग ‘काळरात्री’तलाच असला पाहिजे हा आग्रह वाचकाचा आहे. तो अभंग उत्तरायुष्यातला असणेही तितकेच शक्य आहे. ही शक्यता मान्य केली की प्रसन्नतेकडे नेणारी चढती रेषा मोडते, आणि धीर व वैताग आयुष्यभर शेजारी नांदताना दिसतात.

या शेजाराला तुकारामांच्या व्यवसायाने एक खास भाषा पुरवली. महिपतीने ‘भक्तलीलामृता’त (१७७४) कर्जखतांची कथा सांगितली आहे. धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची खते त्याला देऊन तुकारामांनी आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. तुकारामांनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिलेली ही कथा इतिहास म्हणून किती टिकेल हा प्रश्न वेगळा. काव्याची किल्ली म्हणून ती अमूल्य आहे. लोकांची खते बुडवणारा हा सावकार देवाचे खाते मात्र बंद करत नाही. देणे, ठेव, हुंडी, जामीन ही सारी परिभाषा देवाशी भांडताना वापरली जाते. भांडणारा माणूस नाते संपले असे मानत नसतो. ज्याच्याकडून काही येणे आहे त्याच्याच दारात माणूस धरणे धरतो, आणि वह्या बुडवल्या गेल्यावर तुकारामांनी धरलेले धरणे याच जातीचे होते. राजवाडेपंथी टीकेला येथे उत्तर मिळते. शरणागतीची भाषा एवढी हिशेबी नसते.

आत्मवृत्तातील आणखी एक तपशील सहसा घाईने ओलांडला जातो. दिवाळे निघालेल्या, लोकांत तोंड दाखवण्याची लाज वाटणाऱ्या माणसाच्या मनात पहिली गोष्ट कोणती आली? भंगलेले देऊळ दुरुस्त करावे. त्यानंतर एकादशीचे कीर्तन, संतवचनांचे पाठांतर. काव्यस्फूर्तीचा उल्लेख बराच नंतर येतो. म्हणजे आस येथे मनोवस्था म्हणून सुरू होत नाही. ती हाताला काम आणि जिभेला पाठ म्हणून सुरू होते.

तरीही या वाचनाने सुटत नाही असा एक भाग उरतो. ‘बरे झाले’च्या त्याच यादीत घरातील स्त्री कर्कशा असल्याचे आणि मुलाबाळांची उपेक्षा झाल्याचेही नोंदलेले आहे. दुसरी पत्नी जिजाई हिच्या वाट्याला त्या उपेक्षेचा संसार आला. भंडारा डोंगरावर भाकरी घेऊन चढणारी स्त्री म्हणून परंपरा तिला ओळखते, आणि कजाग म्हणूनही. दुष्काळानंतरच्या घरात रोजचे धान्य कोठून आणायचे हा प्रश्न जिने विचारला, तिच्या बोलण्याला कर्कश ठरवून अभंग पुढे जातो. येथे तुकारामांची आस दुसऱ्याच्या श्रमावर उभी आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. भक्तीने ते झाकले जात नाही. जिजाईचा स्वतःचा एकही शब्द आपल्यापर्यंत आलेला नाही. त्याच काळातील बहिणाबाईंचा आला आहे. तुकारामांना गुरू मानल्याबद्दल नवऱ्याचा मार सोसलेल्या या कवयित्रीने आपले आत्मचरित्र अभंगांतच लिहिले, आणि त्यात घर सोडून डोंगरावर जाण्याची वाट तिला उपलब्ध नव्हती. ‘बरे झाले’ हा अभंग आणि बहिणाबाईंचे आत्मकथनपर अभंग अभ्यासक्रमात क्वचितच एकत्र नेमले जातात. ते शेजारी ठेवून वाचले गेले, तर घरात राहून धरलेली आस कशी असते, हा प्रश्न वर्गात विचारता येईल.