शेवटच्या कडव्यातलं नाव

भाऊबीज आटोपली की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरू लागते. दिवसा दुकानं आणि पाहुण्यांची वर्दळ, रात्री दंडार नाहीतर खडी गंमत. ढोलकी तापते, तुणतुणं लागतं आणि शाहीर पहाटेपर्यंत उभ्यानं गातो. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात तो स्वतःचं नाव गुंफतो, कधी गावाचंही. ही रीत जुनी आहे. तुकोबांपासून तुकडोजी महाराजांपर्यंत आणि पुढे वामनदादा कर्डकांपर्यंत सगळ्यांनी नाममुद्रा जपली. कॉपीराइट हा शब्द कानावर पडण्याच्या कितीतरी आधी गाणाऱ्यांनी आपली मालकी अशी गाण्यातच शिवून ठेवली होती.

गाणं मोबाइलवर आलं आणि ती शिवण उसवली. एका मंडईत ऐकलेलं गाणं महिनाभरानं मला तीस सेकंदांच्या तुकड्यात भेटलं. शब्द तेच, चाल तीच, आवाज मात्र दुसऱ्याचा. शेवटचं कडवं कापलेलं, म्हणजे नेमकं नावच गेलेलं. ते रचणाऱ्या शाहिरांना तो तुकडा ऐकवला तर म्हणाले, "चाललं ना गाणं, बस झालं." आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

गाणाऱ्यांची या जिल्ह्यात वाण नाही. भजनी मंडळं आहेत, भीमगीतांचे गायक आहेत, दिवाळी ते होळी चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांत मंचावर प्रत्यक्ष गाणारे नट आहेत. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि दंडारीच्या अभ्यासाला आयुष्य दिलं, म्हणून त्यांचं मोल बाहेरच्यांना कळलं. स्वतःचं गाणं स्वतः विकणंही इथे नवं नाही. दीक्षाभूमीवर गाण्यांच्या पुस्तिका आणि कॅसेटी पथारीवर मांडून बसणारे कवी-गायक आपण पाहिले आहेत. पुढे मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात शेकडो गाणी एकदम भरून मिळू लागली, आणि त्या पैशातला एक रुपयाही गाणाऱ्यापर्यंत पोचला नाही.

मला जास्त सलते ती उसनी चाल. गाजलेल्या सिनेमाच्या गाण्यावर शब्द बसवायचे, तयार ट्रॅक लावायचा आणि दोन दिवसांत गाणं सोडायचं, असं सर्रास चाललं आहे. नवी चाल बांधायला महिना घालवला आणि आठवड्यात ती दुसऱ्यानं उचलली, तर कोण कशाला बांधेल? पण उसन्या चालीनं शाहीर दोनदा नागवला जातो. यूट्यूबवर चालीचा मालक दावा लावतो आणि कमाई त्याच्याकडे वळते. शिवाय आपलं गाणं चोरलं म्हणून ओरडायला तोंड राहत नाही. आपल्याकडे दंडारीच्या पारंपरिक चाली आहेत. त्या कुणा एकाच्या मालकीच्या नाहीत. त्यांवर रचलेले नवे शब्द मात्र रचणाऱ्याचे, आणि पदरच्या पैशानं केलेलं ध्वनिमुद्रण ते करवून घेणाऱ्याचं. इतकी मोठी ठेव दाराशी असताना आमची मुलं सिनेमाच्या ट्रॅकमागे धावतात, याचं मला मनापासून दुःख होतं.

1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गाणं रचलं आणि लिहून किंवा मुद्रित करून ठेवलं की हक्क आपोआप मिळतो. शब्द आणि चालीवर तो रचनाकाराच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं टिकतो. नोंदणी सक्तीची नाही, पण वादात पुरावा म्हणून ती कामी येते. शब्दांसाठी किंवा चालीसाठी फी 500 रुपये, ध्वनिमुद्रणासाठी 2000. कलम 57 रचनाकाराचं नाव जपतं, हक्क विकून टाकल्यानंतरसुद्धा. 2012 च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा कायम केला. तो कंपनीला लिहून दिला तरी ते लिहिणं निरर्थक ठरतं.

हक्क सहज लिहून दिले की काय होतं ते पाहा. दक्षिण आफ्रिकेच्या सॉलोमन लिंडा यांनी 1939 मध्ये 'म्बुबे' ध्वनिमुद्रित केलं आणि हक्क 10 शिलिंगांना दिले. गाणं जगभर गाजलं, लिंडा 1962 मध्ये गरिबीतच गेले. मुलींना तडजोडीचा पैसा मिळायला 2006 साल उजाडलं.

हे सांगितलं तेव्हा शाहिरांनी ट्रंकेतून एक कागद काढला. शंभराचा स्टॅम्प, 2018 ची तारीख, एका चॅनलचा शिक्का, चार गाण्यांची नावं, एकरकमी मानधन. मुदतीचा उल्लेख कुठेच नाही. गाणी कायमची गेली असं ते धरून चालले होते. कलम 19 म्हणतं, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं. म्हणजे 2023 मध्येच गाणी त्यांच्याकडे परत आली होती. त्यांनी ती ओळ मला दोनदा वाचायला लावली. मग विचारलं, "चॅनलवाल्यानं नाही काढली तं मुंबईले जा लागन का?"

जावं लागत नाही. कलम 62 प्रमाणे दावा लावणारा राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात तो दाखल होतो. त्यांचं गाव पवनी तालुक्यात. तिथून भंडाऱ्याला एसटी जाते.