नाटकाला आपण लागतो

कळंब्याहून केशवराव भोसले नाट्यगृहाला जायचं तर संभाजीनगर, नंगीवली चौक, मिरजकर तिकटी आणि मग खासबाग. गाडीवर फार तर वीस मिनिटं. तरी नाटकाला निघालो की घरातून एक प्रश्न यायचाच : "यूट्यूबवर नाही का ते?" बरेचदा असायचं. मग मी चप्पल काढून परत गादीवर आडवा व्हायचो.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये 'पॅलेस थिएटर' म्हणून उभं राहिलेलं हे घर एका रात्रीत आतून कोळसा झालं. कोल्हापूर रडलं. आम्ही पोरांनी ज्वाळांचे व्हिडिओ स्टेटसला ठेवले. मीही ठेवला. मग स्वतःलाच विचारलं, आपण आत किती वेळा गेलो होतो? दोन्ही हातांची बोटंसुद्धा पुरून उरली. मग आपलं नेमकं काय जळालं?

याचं एक तयार उत्तर सगळ्यांकडे असतं : नाटक ही जिवंत कला आहे. मला ते कधी पटलं नाही. इन्स्टाचं लाइव्हही जिवंतच असतं. नाट्यगृहाला लागून असलेल्या खासबाग मैदानातली कुस्तीही जिवंतच. आणि वाईट नाटकही जिवंतच असतं. समोर माणसं घाम गाळतात आणि आपण मध्यंतराची वाट बघत बसतो. नुसतं जिवंत असणं हा काही गुण नाही. नाटकात मिळतो तो आनंद वेगळा आहे, आणि तो मला 'संगीत देवबाभळी'नं समजावला.

प्राजक्त देशमुख यांनी लिहिलेलं आणि दिग्दर्शित केलेलं हे नाटक २०१७ मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आलं. गोष्ट छोटी आहे. तुकोबांसाठी भाकरी घेऊन निघालेल्या आवलीच्या पायात बाभळीचा काटा घुसतो. विठ्ठल तो काढतो आणि जखम भरेपर्यंत तिच्या सेवेला रखुमाईला पाठवतो, लखुबाई या नावानं. रंगमंचावर दोनच बायका. एकीचा नवरा विठ्ठलाच्या मागे गेलेला, दुसरीचा विठ्ठल भक्तांच्या मागे. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी अभिनय करता करता स्वतः गातात.

मी आधी त्याचे तुकडे फोनवर पाहिले होते. खरं सांगतो, आवडले नव्हते. वाक्यं फार नटलेली वाटली. प्रत्येक वाक्य टाळीसाठी थांबलंय, असं वाटत राहिलं. मित्रानं जबरदस्तीनं तिकीट काढलं म्हणून गेलो.

प्रयोगात काय बदललं? संहिता तीच, गाणी तीच. पण फोनवर कॅमेरा जो बोलतोय त्याचा चेहरा दाखवत होता. इथं माझ्या नजरेला कुणी धरून ठेवलं नव्हतं. आवली विठ्ठलाला शिव्या घालत होती आणि मी बघत होतो रखुमाईकडे. आपल्या नवऱ्याला दुसरी बाई बोल लावतेय, बोल खरे आहेत, आणि आपण कोण ते सांगायची सोय नाही. ऐकता ऐकता तिचे हात कामात अडकलेले. हे नाटक बोलणारीचं जेवढं आहे तेवढंच ऐकणारीचं आहे. तुकड्यांमध्ये नेमकी ऐकणारीच कापली गेली होती. देवी जमिनीवर बसून भक्ताच्या बायकोचा पाय हातात घेते, तेव्हा एकीचा त्रागा आणि दुसरीचं गप्प राहणं एकाच वेळी दिसावं लागतं. दोघींपैकी कुणाकडे बघायचं हे मी ठरवत होतो. शेजारचा कदाचित वेगळं ठरवत होता. एकाच प्रयोगात आम्ही दोन नाटकं बघत होतो. आणि जी वाक्यं फोनवर नटलेली वाटली होती, त्यांना इथं दुसऱ्या बाईच्या शांततेचं वजन मिळत होतं.

त्याच शांततेत माझ्या खिशातला फोन थरथरला. रिंग बंद होती, पण व्हायब्रेशन सुरू. शेजारच्या काकूंनी वळून पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत. त्या नजरेनं मी जेवढा शरमलो तेवढा शाळेत छडी खाऊनही शरमलो नव्हतो. घरी पडद्यावर नाटक चालू असताना मी भेळ खाल्ली, भांडलो, झोपलो, तरी पडद्यावरच्या नटाला काही फरक पडत नाही. इथं पडतो. २०१९ मध्ये सुमीत राघवन यांनी नाशिकला 'नॉक नॉक सेलिब्रिटी'चा प्रयोग प्रेक्षागृहातल्या फोनमुळे थांबवला, तेव्हा बातमी वाचून मला नट जरा जास्तच तापटपणा करतोय असं वाटलं होतं. त्या रात्री मत बदललं.

नाटकाचा आनंद मला इथं सापडतो. तुम्ही असल्यानं तिथं फरक पडतो. दिवसभर आपण हजार गोष्टी बघतो, त्यातल्या एकीलाही आपण बघतोय याची जाणीव नसते. नाटकाला असते.

केशवरावांच्या काळात ही जाणीव उघड होती. ८ जुलै १९२१ ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाला. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका मंचावर. त्या काळी पद आवडलं की प्रेक्षक 'वन्स मोअर' मागायचे, नट पुन्हा गायचा आणि नाटक लांबत जायचं. म्हणजे प्रयोग किती वेळ चालणार, यात खुर्चीतल्या माणसाचाही हात होता. २०२५ च्या 'संगीत मानापमान' सिनेमात गाणं प्रत्येक शोला तेवढंच राहतं, तुम्ही कितीही टाळ्या वाजवा. 'संयुक्त मानापमान'नंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले. वय फक्त ३१.

पण हा हात नाटक बिघडवूही शकतो. आज प्रत्येक चमकदार वाक्याला टाळी आणि प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी उभं राहणं ही सवय झाली आहे. मग लेखक टाळीची वाक्यं लिहितो, नट टाळीसाठी थांबतो. 'देवबाभळी'तल्याही काही जागा मला अशाच वाटल्या. बाई बोलता बोलता मधेच सुविचार सांगू लागते आणि सभागृह लगेच दाद देतं. त्या टाळीत पात्र हरवतं. फरक पडतो म्हटलं की जबाबदारीही आलीच. न आवडल्यावर गप्प बसता यायला हवं. खऱ्या जागेवर टाळी न वाजवता श्वास धरता यायला हवा. हे कुठल्या पुस्तकात नाही, शंभर नाटकांना बसून येतं.

म्हणून जळालेल्या घराबद्दल मला वाईट वाटतं ते असं. दगडी दर्शनी भाग वाचला. आतलं पुन्हा बांधण्याची घोषणा झाली, बांधताही येईल. पण तिथं बसणं ही लागलेली सवय होती. पिढ्यान् पिढ्या माणसं तिथं बसून ऐकायला शिकली. पोरांनी ज्येष्ठांच्या शेजारी बसून शिकावं, अशी ती जागा होती. मी तिथं कमी गेलो, म्हणजे तेवढं कमी शिकलो. ते नुकसान आगीनं केलेलं नाही.

त्या रात्री नाटक सुटल्यावर मी आणि मित्र भेळेच्या गाडीवर तासभर भांडलो. त्याचं म्हणणं, नाटक आवलीचं. मी म्हणालो, रखुमाईचं. दोघंही तेच नाटक बघून आलो होतो. फोन बंदच होता, आणि घरी पोचेपर्यंत तो चालू करायचं लक्षातच आलं नाही.