अमीर अली

फिलिप मेडोज टेलर (१८०८–७६) ह्याच्या कन्फेशन्स ऑफ अ ठग (१८३९) ह्या इंग्रजी कादंबरीचा नायक. निजामाच्या नोकरीत असताना टेलरने ठगांच्या जबान्या स्वतः ऐकल्या होत्या. त्यांतूनच हे पात्र घडले. ७१९ माणसे मारल्याचे अमीर अली तुरुंगातून एका साहेबाला अभिमानाने सांगतो. ज्या इस्माइलने त्याच्या आईबापांचा खून केला, त्यानेच त्याला पुत्र मानून वाढविलेले असते. नकळत सख्ख्या बहिणीचा गळा आवळल्याचे कळते तेव्हा मात्र तो हादरतो. हा प्रसंग थोडा नाटकी असला, तरी परिणामकारक आहे.

ठगी म्हणजे केवळ भवानीची रक्तपिपासू उपासना, हा समज ह्या कादंबरीने यूरोपात रूढ केला. प्रत्यक्षात तिच्यातील तपशील वेगळेच सांगतो. टोळीत कामांची वाटणी असते, लुटीचे हिस्से ठरलेले असतात आणि झालोनच्या राजाला नजराणे पोहोचतात. तोच राजा पुढे इस्माइलला हत्तीच्या पायी देतो. गुन्हेगार आणि सत्ताधारी ह्यांचे हे साटेलोटे टेलरला नेमके दिसले आहे. नागपूर-अमरावतीकडील वाटांची वर्णनेही सजीव आहेत. भंडाऱ्यासह नागपूरकडील मुलूख तेव्हा भोसल्यांच्या अमलाखाली होता. ऐकणारा साहेब जवळजवळ मुका आहे. कंपनी सरकारच्या न्यायाबद्दल त्याला एकही शंका पडत नाही, ही कादंबरीची खरी उणीव होय.