पडण्याची काळजी मोजताना आपण काय मोजतो?

म्हातारपणी माणूस पडतो, त्याचं हाड मोडतं, एक्स-रे काढला की ते दिसतं. पण पडल्यावर, कधी कधी न पडताही, त्याचा स्वतःच्या पायांवरचा भरवसा जातो. हा भरवसा मोजता येतो का? गेली तीसहून अधिक वर्षं तो प्रश्नावल्यांनी मोजला जातो आहे. आज आपण या प्रश्नावल्या तपासू. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो: त्या उपयोगाच्या आहेत, पण शेवटी हातात येणारी बेरीज जेवढं सांगते त्यापेक्षा जास्त लपवते.

सुरुवात १९९० ची. अमेरिकेतल्या डॉ. मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फॉल्स एफिकसी स्केल’ मांडली. मुळाशी कल्पना होती मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांची: एखादं काम आपल्याला जमेल असं वाटणं, हे ते काम करण्या-न करण्यावर परिणाम करतं. टिनेटींनी दहा साधी कामं घेतली. अंघोळ, कपडे घालणं, खुर्चीतून उठणं, घरात चालणं, अशी. प्रत्येक काम न पडता करण्याचा किती विश्वास वाटतो, ते १ ते १० मध्ये सांगायचं. यातली मोलाची गोष्ट अशी, की ‘पडायची भीती वाटते का?’ या हो-नाहीच्या प्रश्नातून आपण सुटलो. भीती कुठल्या कामाची, हे विचारता येऊ लागलं.

अडचण लगेच दिसली. दहाही कामं घरातली आणि सोपी. जो माणूस रोज बाजारात जातो त्याला सगळीकडे उत्तम गुण मिळणार, मग त्याची भीती पकडायची कशी? म्हणून १९९५ मध्ये कॅनडातल्या पॉवेल आणि मायर्स यांनी सोळा कामांची दुसरी मोजपट्टी केली, ‘एबीसी स्केल’. तिच्यात गर्दीत धक्के खात चालणं आहे, सरकता जिना आहे, आणि शेवटी बर्फाळ फुटपाथवरून चालणं आहे. आता सांगा, सांगलीच्या किंवा सावंतवाडीच्या आजींना बर्फाळ फुटपाथचा प्रश्न विचारून काय कळणार? त्यांचा बर्फ म्हणजे श्रावणात अंगणात धरलेलं शेवाळ, ओली मोरी, एसटीची उंच पायरी. आणि जमिनीवर मांडी घालून बसल्यावर उठणं, किंवा उकिडवं बसायच्या संडासातून उठणं, हे तर यांपैकी एकाही प्रश्नावलीत स्वतंत्र काम म्हणून नाही. ज्या घरात दिवसातून चार वेळा ते करावं लागतं, तिथे सर्वांत मोठा प्रश्नच राहून जातो.

२००५ मध्ये युरोपातल्या अभ्यासकांनी ‘फेस-आय’ आणली. सोळा कामं, प्रत्येकाला १ ते ४ गुण, म्हणजे बेरीज १६ ते ६४. इथे एक मोठा बदल झाला. ‘किती विश्वास वाटतो’ याऐवजी ‘पडण्याची किती काळजी वाटते’ असं विचारलं गेलं. ‘भीती’ हा शब्द जड, म्हणून ‘काळजी’. पण मराठीत विचारून बघा. आजोबा म्हणतात, “हो तर! खूप काळजी घेतो मी.” विचारलं होतं काळजी वाटते का, उत्तर आलं काळजी घेतो. आपल्याकडे दोन्ही एकाच शब्दात राहतात. सावधपणे जिना उतरणारा माणूस आणि धास्तीने जिना सोडून देणारा माणूस, दोघांच्याही पुढे ‘३’ पडू शकतो. म्हणून नुसतं भाषांतर पुरत नाही, ‘पडेन असं मनात येतं का’ असं उलगडून विचारावं लागतं.

आता बेरजेकडे या. एका बाईंना बारा कामांची थोडी काळजी, प्रत्येकी २, उरलेल्या चारांना १. बेरीज २८. दुसऱ्या बाईंना बारा कामांची काहीच काळजी नाही, पण जिना, चढ-उतार, निसरडी जागा आणि खडबडीत जागा यांना थेट ४. बेरीज पुन्हा २८. आकडा एकच, पण पहिल्या बाईंशी बोलायला हवं आणि दुसऱ्या बाईंच्या जिन्याला कठडा हवा. शिवाय जे काम माणूस करतच नाही, त्याबद्दल ‘केलं असतं तर’ अशी कल्पना करून उत्तर द्यायचं असतं. बाजारात जाणं दोन वर्षांपूर्वी सुटलं, ही खरी बातमी त्या आकड्यात येतच नाही.

बरं, काळजी जास्त म्हणजे धोका जास्त, हेही सरळ नाही. २०१० मध्ये सिडनीतल्या ७० ते ९० वयाच्या ५०० जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शरीराचा प्रत्यक्ष धोका आणि मनातला धोका वेगवेगळे मोजले. जवळजवळ एक तृतीयांश लोकांत दोन्हींचा मेळ नव्हता. ११ टक्के लोकांचं शरीर ठीक होतं, पण धास्ती फार. २० टक्क्यांचा शारीरिक धोका जास्त, तरी ते निर्धास्त. आणि गंमत म्हणजे हा निर्धास्तपणा त्यांना पडण्यापासून काही अंशी वाचवत होता, कारण ही माणसं हिंडती-फिरती आणि चार लोकांत मिसळणारी राहिली होती.

हे आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कारण आकडा घरी पोचला की त्याचं काय होतं? “डॉक्टरांनी सांगितलंय, तुम्ही बसून राहा.” बसून राहिल्यावर मांड्यांची ताकद जाते, तोल बिघडतो, आणि पडण्याची शक्यता खरोखर वाढते. मोजणी मदतीसाठी केली, तिचा उपयोग कोंडून ठेवायला झाला.

तेव्हा आमचं सांगणं एवढंच. प्रश्नावली भरून घ्या, पण बेरजेच्या आधी एकेक उत्तर वाचा. तिच्यासोबत शरीरही तपासा: खुर्चीतून उठून, तीन मीटर चालून, परत येऊन बसायला किती सेकंद लागतात, हे पाहायला घड्याळ पुरतं. आणि छापील प्रश्न संपले की एक प्रश्न जास्तीचा विचारा: “आजी, गेल्या वर्षभरात काय काय करायचं सोडून दिलंत?” उत्तर येईपर्यंत थांबा. त्यातलं कुठलं काम त्यांना पुन्हा सुरू करायचं आहे, तेही विचारा. व्यायाम आणि कठडे तिथून ठरवता येतात.