चार ओळींचा पहारा
ओपनएलडीएपीच्या स्लॅपडी या डिरेक्टरी सर्व्हरची कॉन्फिगरेशन फाइल उघडली की बहुधा या चार ओळी भेटतात:

अ‍ॅक्सेस टू अ‍ॅट्र्स=युजरपासवर्ड
बाय सेल्फ राइट
बाय अनॉनिमस ऑथ
बाय * नन

‘टू’नंतर कशावर पहारा ते येतं, ‘बाय’नंतर कोणाला किती मुभा ते. व्याकरण एवढंच.

माझा जीव जडलाय तो तिसऱ्या ओळीवर. पासवर्डच्या दाराशी अनोळखी माणसाला का येऊ द्यायचं? कारण लॉगिन होईपर्यंत प्रत्येक जण अनोळखीच असतो. आपली ओळख पटवायची तर त्याने दिलेला पासवर्ड सर्व्हरला साठवलेल्या पासवर्डाशी ताडून पाहावा लागतो. ‘ऑथ’ तेवढीच मुभा देतं. पासवर्ड वाचता येत नाही, शोधता येत नाही. कुणी धास्तावून ही ओळ काढली, तर नाव-पासवर्ड देऊन आत येणाऱ्या साध्या वापरकर्त्यांची वाटच बंद होते. इतक्या कमी शब्दांत विश्वास आणि सावधपणा एकत्र नांदताना मी क्वचितच पाहिलाय.

दुसरी ओळ मात्र मला खटकते. नन, डिस्क्लोज, ऑथ, कंपेअर, सर्च, रीड, राइट, मॅनेज अशा या चढत्या पायऱ्या आहेत. वरची मिळाली की खालच्या सगळ्या आपोआप मिळतात. म्हणजे ‘राइट’ दिलं की ‘रीड’ही दिलं, आणि ज्याचा त्याला आपल्या पासवर्डचा हॅश वाचता येतो. त्याच्या नावाने दुसरा कोणी आत शिरला तर त्यालाही. तिथे ‘=एक्सडब्ल्यू’ लिहिलं की पासवर्ड बदलता येतो, वाचता येत नाही. ही ओळ मी अशीच लिहीन.

चौथी ओळ गाळली तरी चालतं, कारण प्रत्येक नियमाच्या शेवटी ती अध्याहृत असते. तरीही ती लिहावी, वाचणाऱ्याला नकार डोळ्यांनी दिसावा. फाइलमध्ये एकही नियम नसेल तर मात्र हाच सर्व्हर सगळ्यांना सगळं वाचू देतो.

खरा अर्थ दडलाय क्रमात. सर्व्हर वरून खाली येतो, लागू पडणाऱ्या पहिल्याच ‘टू’पाशी थांबतो, आणि त्यातल्या पहिल्या जुळणाऱ्या ‘बाय’पाशी निकाल देतो. ‘अ‍ॅक्सेस टू * बाय * रीड’ ही ओळ या चौघींच्या वर गेली, तर यांच्यापर्यंत कोणी पोचतच नाही. वाक्यरचना बिनचूक, आणि हॅश मात्र सर्वांसमोर उघडे! कॉन्फिगरेशन डिरेक्टरीतच ठेवण्याच्या पद्धतीत प्रत्येक नियमाआधी महिरपी कंसात ०, १, २ असे आकडे येतात ते याचसाठी. एलडीएपीत एकाच अ‍ॅट्रिब्यूटच्या अनेक किमतींना स्वतःचा क्रम नसतो.

तेव्हा नियम बदललात तर सर्व्हर लोकांसाठी खुला करण्याआधी नियम तपासणारं स्लॅपएसीएल हे साधन चालवा, आणि स्वतःच्या, परक्याच्या व निनावी अशा तिन्ही ओळखींनी काय दिसतं ते तपासा.