अर्धे चुलीत, अर्धे देव्हाऱ्यात : यशया ४४ मधील मूर्तिकाराचे प्रकरण

बायबलमधील मूर्तिपूजेविरुद्धच्या इशाऱ्यांचा अभ्यास बहुधा दहा आज्ञांपासून सुरू होतो. या टिपणात सुरुवात एका लोहाराच्या आणि एका सुताराच्या कामापासून केली आहे. यशयाच्या पुस्तकातील ४४व्या अध्यायात, ९ ते २० या ओव्यांत, मूर्ती कशी तयार होते याचे सविस्तर वर्णन येते. अभियांत्रिकीच्या वर्गात हा उतारा वाचायला दिला की विद्यार्थ्यांचे लक्ष आधी हत्यारांकडे जाते. नंतर कोणीतरी विचारतो, ‘सर, ही आमच्या घरातल्या देवांची थट्टा आहे का?’ प्रश्न रास्त आहे. त्याला ‘नाही’ असे उत्तर देऊन विषय बंद करता येत नाही, आणि ‘होय’ म्हणून मोकळेही होता येत नाही. या टिपणात त्या प्रश्नाचे उत्तर उताऱ्याच्या बांधणीतून शोधायचे आहे.

१. उताऱ्याची पार्श्वभूमी

यशयाच्या पुस्तकातील ४० ते ५५ हे अध्याय बहुतेक अभ्यासक बाबेलच्या बंदिवासाच्या काळातील मानतात. इ.स.पू. ५८७–५८६च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जिंकले, मंदिर जाळले आणि यहूदाचे अनेक लोक बाबेलला नेले. पुढे इ.स.पू. ५३९ मध्ये पारसाचा राजा कोरेश याने बाबेल घेतले. ४४व्या अध्यायाच्या शेवटी आणि ४५व्याच्या आरंभी कोरेशाचे नाव येते.

म्हणजे या उताऱ्याचे श्रोते पराभूत आहेत. त्यांच्या देवाचे घर राख झाले आहे, आणि ज्यांनी ते जाळले त्यांच्या देवांच्या मूर्ती बाबेलमध्ये डोळ्यांसमोर थाटामाटात मिरवत आहेत. त्या काळच्या समजुतीनुसार हरलेल्या लोकांचा देवही हरलेला. अशा वेळी जिंकणाऱ्याच्या देवाला हात जोडणे हा शहाणपणाचा मार्ग वाटणे साहजिक होते. थट्टेचा स्वर कोठून येतो हे यावरून समजते. बलवानाने दुबळ्याच्या श्रद्धेची केलेली ही टर नव्हे. सत्ता, मंदिर, राजा असे काहीही हाती न उरलेल्यांपैकी एकजण आपल्याच माणसांना सांगत आहे.

२. वर्णनाची उलटी दिशा

उताऱ्यात प्रथम लोहार येतो. निखारे, हातोडा, दंडाचे बळ. पण तो उपाशी राहिला की त्याची ताकद जाते, पाणी न मिळाल्यास त्याला भोवळ येते. मग सुतार. तो सूत धरतो, खुणा आखतो, तासतो, कंपासाने मोजतो आणि लाकडाला माणसाचा घाट देतो. त्यानंतर कथन मागे सरकते. हे लाकूड आले कोठून? त्याने झाड तोडले. झाड आले कोठून? त्याने ते लावले होते आणि पावसाने ते वाढवले.

सर्वसाधारण निवेदक झाडापासून मूर्तीकडे गेला असता. येथे कवी मूर्तीच्या बाजूने सुरुवात करून पावसापर्यंत मागे जातो. बिघडलेल्या यंत्राचे कारण शोधताना आपण शेवटच्या परिणामापासून एकेक पायरी मागे जातो, तशी ही पद्धत आहे. मागे जाता जाता शेवटी अशी एक गोष्ट सापडते जी कारागिराने केलेली नाही, ती म्हणजे पाऊस. कवी त्यावर भाष्य करत नाही. ओळ तेथे ठेवतो आणि पुढे जातो.

मग उताऱ्याचा मुख्य प्रसंग येतो. त्या लाकडाचा अर्धा भाग माणूस जाळतो. त्यावर भाकर भाजतो, मांस शिजवतो, शेकत बसतो आणि ऊब मिळाली म्हणून समाधानाचा उद्गार काढतो. उरलेल्या भागाचा देव करतो, त्याला नमन करतो आणि मला वाचव अशी विनवणी करतो. दोन्ही अर्ध्यांना कवीने जवळपास सारखीच जागा दिली आहे. हा उद्गार आणि ती विनवणी एकाच तोंडून, एकाच लाकडाजवळ, थोड्याच अंतराने निघतात. विनोद घडतो तो या जुळणीमुळे.

३. दोष नेमका कोणता?

हा माणूस लाकडाला देव मानतो एवढाच आरोप असता तर उतारा बराच लहान झाला असता. १८ ते २० या ओव्यांत कवी निदान करतो. हा माणूस झालेली गोष्ट मनात परत आणत नाही. अर्धे मी जाळले, त्यावर भाकर भाजली, हे त्याला आठवत नाही. आपल्या उजव्या हातात खोटे आहे का, असा प्रश्न तो स्वतःला विचारत नाही. दोष विस्मरणाचा आहे. वस्तू मी केली ही गोष्ट विसरल्याशिवाय तिच्याकडे तारण मागता येत नाही.

मूळ हिब्रूतील शब्दयोजना या वाचनाला बळ देते. मूर्ती घडवणाऱ्यांसाठी ९व्या ओवीत जे क्रियापद आहे (यात्सार, म्हणजे घडवणे, आकार देणे), तेच २१व्या ओवीत देव इस्राएलाविषयी वापरतो : मी तुला घडवले. त्या ओवीची सुरुवात होते ती आठवण ठेवण्याच्या आज्ञेने. विसरलेल्या माणसाचे चित्र संपते आणि लगेच ‘आठव’ हा शब्द येतो. २१वी ओवी सोडून केवळ थट्टेचा भाग वाचला तर उताऱ्याचा अर्थच तुटतो. येथे निष्ठेचा अर्थ आपण कोणाच्या हातची घडण आहोत हे लक्षात ठेवणे असा आहे.

४. थट्टा न्याय्य आहे का?

समीक्षकाने येथे थांबून दुसरी बाजू पाहिली पाहिजे. मेसोपोटेमियातील उपासक खरोखर इतके भाबडे होते का? तसे नव्हते. तेथे नव्या मूर्तीसाठी ‘मीस पी’ म्हणजे मुखप्रक्षालनाचा विधी होता. त्याचे मजकूर मातीच्या पाट्यांवर मिळाले आहेत. या विधीत कारागिरांचे हात चिंचेच्या नव्हे, तर टॅमरिस्क या झुडपाच्या लाकडी तलवारीने तोडल्याचा अभिनय केला जाई, आणि ही मूर्ती आपण केली नाही, ती कारागिरीच्या देवांनी केली, असे कारागीर शपथेवर सांगत. म्हणजे मूर्ती माणसाच्या हातची आहे ही अडचण त्या लोकांना ठाऊक होती. त्यांनी तिच्यावर विधीने उत्तर शोधले होते. आपल्याकडील प्राणप्रतिष्ठा आणि विसर्जन यांचा अर्थ वेगळा असला, तरी घडवलेली वस्तू आणि देवता यांतील भेद पूजकाला कळतो हे त्यांतूनही दिसते.

तेव्हा दुसऱ्याच्या उपासनेचे वर्णन म्हणून यशयाचा उतारा अपुरा आहे. उपासक आतून काय मानतो हे तो सांगत नाही, सांगण्याची त्याला इच्छाही नाही. मात्र त्या विधीशेजारी ठेवून वाचला तर त्याची धार नीट दिसते. विधी म्हणतो, कारागिराने हे केले नाही. कवी मात्र कारागिराची भूक, तहान, सूत आणि कंपास यांची नोंद ठेवतो. ज्या ठिकाणी ‘मी केले’ हे पुसले जाते, नेमक्या त्याच ठिकाणी तो बोट ठेवतो.

एकोणिसाव्या शतकातील मुंबईत धर्मविषयक जाहीर वाद झाले. मोरभट दांडेकर यांना उत्तर म्हणून जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ मध्ये हिंदू धर्मावर टीका करणारे पुस्तक मुंबईत प्रसिद्ध केले. अशा वादांत मूर्तिपूजा हा कळीचा मुद्दा असे. बंदिवानांनी आपसांत बोललेले शब्द राज्यकर्त्यांच्या बाजूच्या माणसाने दुसऱ्या समाजाला उद्देशून वापरले की शब्द तेच राहतात, पण बोलणाऱ्याची जागा बदलते आणि अर्थही बदलतो. विद्यार्थ्याच्या मनातील खंत या बदललेल्या जागेतून आलेली आहे.

५. इशारा आधी घरच्यांना

बायबलमधील मूर्तिविरोधाचे सर्वांत कठोर प्रसंग परक्यांविषयी नाहीत. पुढील चार स्थळे पाहावीत.

(अ) सोन्याचे वासरू (निर्गम ३२). मोशे सीनाय पर्वतावरून लवकर उतरत नाही, म्हणून लोक अस्वस्थ होतात. अहरोन त्यांचे सोन्याचे दागिने घेऊन वासरू करतो आणि उद्या परमेश्वराचा सण आहे असे जाहीर करतो. म्हणजे नाव आपल्याच देवाचे आहे. मोशे जाब विचारतो तेव्हा अहरोनाचे उत्तर ऐकण्यासारखे आहे : मी सोने अग्नीत टाकले आणि हे वासरू बाहेर आले! यशयाच्या सुताराचे विस्मरण येथे सबबीच्या रूपात दिसते. कर्ता गायब, वस्तू आपोआप झालेली.

(आ) पितळी सर्प. गणना २१ मध्ये देवाच्या सांगण्यावरून मोशेने तो केला होता. पुढे लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले (२ राजे १८). देवाच्या आज्ञेने झालेली वस्तूसुद्धा यातून सुटत नाही.

(इ) मंदिर. यिर्मयाच्या ७व्या अध्यायात लोक मंदिराचे नाव पुन्हा पुन्हा घेतात आणि त्यामुळे आपण सुरक्षित आहोत असे समजतात. इकडे परके, अनाथ आणि विधवा यांच्यावर जुलूम चालूच असतो. संदेष्टा त्यांना सांगतो की या इमारतीवर भिस्त ठेवू नका.

(ई) मन. यहेज्केल १४ मध्ये मूर्ती हृदयात ठेवल्या आहेत असे म्हटले आहे. नव्या करारात कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात लोभालाच मूर्तिपूजा म्हटले आहे.

याचा अर्थ बायबलला कारागिरीचा तिटकारा आहे असा नाही. निर्गम ३१ मध्ये बसालेल या कारागिराला देवाच्या आत्म्याने भरले असे सांगितले आहे. मूर्तीसाठीचा हिब्रू शब्द ‘पेसेल’ हा ज्या धातूपासून होतो, त्याच धातूचे रूप निर्गम ३४ मध्ये मोशेला दगडी पाट्या घडवायला सांगताना येते. पाटी घडवणारा हातही तोच. प्रश्न घडवलेल्या वस्तूकडे काय मागायचे हा आहे.

६. कोण कोणाला वाहतो?

४६व्या अध्यायात हीच गोष्ट वजनाच्या भाषेत येते. बेल आणि नबो या बाबेलच्या देवांच्या मूर्ती जनावरांवर लादल्या आहेत, जनावरे थकली आहेत, आणि देवांना आपले ओझे वाचवता येत नाही. उलट इस्राएलाचा देव म्हणतो की मी तुम्हांला जन्मापासून वाहिले आणि केस पिकेपर्यंत वाहीन. भाराची दिशा पाहिली की कवीचे म्हणणे स्पष्ट होते. ज्याला तुम्हांला वाहावे लागते तो एक, आणि जो तुम्हांला वाहतो तो दुसरा. बंदिवासात सामान पाठीवर घेऊन चाललेल्या लोकांना ही प्रतिमा समजावून सांगावी लागली नसेल.

होशेयाच्या पुस्तकात निष्ठेसाठी विवाहाची प्रतिमा आहे. धान्य, द्राक्षारस आणि तेल कोणी दिले हे पत्नी ओळखत नाही, अशी तेथील तक्रार आहे. येथेही दोष न आठवण्याचा. मात्र ही प्रतिमा निर्दोष नाही. अविश्वासूपणा स्त्रीच्या अंगी लावून तिला उघडे पाडण्याच्या धमक्या दुसऱ्या अध्यायात येतात. आजच्या वाचकाने तेथे अवघडून जाणे योग्यच आहे. वाहून नेणाऱ्याची प्रतिमा मला त्या मानाने अधिक टिकाऊ वाटते.

७. समारोप

वर्गातल्या प्रश्नाकडे परत येऊ. होय, उताऱ्यात थट्टा आहे, आणि बायबलची एकेश्वरी भूमिका मवाळ करून सांगणे प्रामाणिकपणाचे नाही. पण ती थट्टा आधी स्वतःच्या लोकांवर आहे, आणि ती पुतळ्यापेक्षा विसरभोळ्या माणसाला अधिक लागते.

आपल्या विषयातले उदाहरण घेऊ. एखाद्या पुलाचे संगणकीय प्रारूप आपण करतो. भार किती, जमीन कशी, ही गृहीतके आपणच घालतो. नको असलेले घटक आपणच वगळतो. पण पडद्यावर रंगीत आकृती उमटली की ती आकाशातून आल्यासारखे आपण तिच्यावर विसंबतो, आणि पूल पडला तर प्रारूपाने असे सांगितले होते, असे अहरोनासारखे उत्तर देतो. यशया याविषयी बोलत नव्हता, तो देवाविषयी बोलत होता. ही तुलना त्याच्या जागी बसवू नये. तरी हातातली वस्तू खाली ठेवून ‘यातले अर्धे मी कोठे जाळले?’ असे विचारण्याची सवय त्याच्याकडून घेता येते.

विचारार्थ प्रश्न

१. यशया ४४ मधील वर्णन झाडापासून मूर्तीकडे नेले असते तर परिणामात काय फरक पडला असता?

२. ‘मीस पी’ विधीतील कारागिराची शपथ आणि निर्गम ३२ मधील अहरोनाची सबब यांत साम्य कोणते, भेद कोणता?

३. एकच उपहास बंदिवानाच्या तोंडी आणि सत्ताधाऱ्याच्या तोंडी कसा बदलतो? आपल्या वाचनातील उदाहरण देऊन लिहा.